चिपीहून गोंदियाला किती वाजता पोचाल?

समजा बोरीवलीतल्या एका सोसायटीत दोन मैत्रिणी राहतात. एकीची आजी सिंधुदुर्गात, वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळ्याला. दुसरीचे आजोबा पार दुसऱ्या टोकाला, गोंदियाजवळच्या बिरसीला. दोघींच्या गावांत एक गोष्ट सारखी: घराजवळ विमानतळ! परुळ्याच्या शेजारी चिपीचा विमानतळ आहे. बिरसीला तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंग्रजांच्या राजवटीत बांधलेली धावपट्टी आहे आणि आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. आजोबांच्या शेतात उभं राहिलं की शिकाऊ वैमानिकांची चिमुकली विमानं डोक्यावर घिरट्या घालताना दिसतात.

आता या दोघींनी सुट्टीत एकमेकींच्या गावाला जायचं ठरवलं. चिपीहून विमान उडालं आणि नाकासमोर थेट गोंदियाला गेलं, तर किती वेळ लागेल?

असं थेट विमान काही रोज ये-जा करत नाही, त्यामुळे वेळापत्रकात बघून उत्तर मिळणार नाही. काही बिघडत नाही. नकाशा, पट्टी आणि थोडं गणित एवढ्यावर आपणच ते शोधून काढू. मला स्वतःला तयार उत्तरापेक्षा असं शोधलेलं उत्तर फार आवडतं.

आधी रेल्वेचं बघू, कारण बोरीवलीकरांची खरी दोस्ती रेल्वेशी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बांद्रा टर्मिनसहून मडगावला जाणारी गाडी सुरू झाली आणि पहिल्या दिवशी तिला हिरवा झेंडा दाखवला तो बोरीवली स्टेशनात. गणपतीला कोकणात जायला बोरीवलीच्या नॅन्सी कॉलनीतल्या डेपोतून एसटी पकडणाऱ्या कितीतरी घरांना तेव्हा आनंद झाला. आता या गाडीचा रस्ता नकाशावर बोटाने गिरवून बघा. कोकण बोरीवलीच्या दक्षिणेला. गाडी मात्र बोरीवलीहून निघते ती उत्तरेला, वसईकडे! तिथून वळून भिवंडी, मग पनवेल आणि मग कुठे खाली कोकणात. रूळ जिथून गेलेत तिथूनच गाडी जाणार, तिला दुसरा इलाज नाही.

चिपीहून गोंदियाला रेल्वेने जायचं तर कुडाळला गाडीत बसायचं, वर कल्याणपर्यंत यायचं, तिथे विदर्भ एक्सप्रेस पकडायची आणि अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. बेरीज केली तर तेराशे किलोमीटरच्या वर जाते. आकाशात रूळ नसतात. मग तिथे किती?

आलेखाचा कागद घ्या. पृथ्वीवरच्या कुठल्याही ठिकाणाचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो. चिपीचा पत्ता: उत्तर अक्षांश १६.००, पूर्व रेखांश ७३.५३. गोंदियाच्या विमानतळाचा: उत्तर अक्षांश २१.५३, पूर्व रेखांश ८०.२९. वजाबाकी करा. गोंदिया चिपीपेक्षा ५.५३ अंश उत्तरेला आणि ६.७६ अंश पूर्वेला आहे.

एक अंश म्हणजे किती किलोमीटर? पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० ने भागलं की १११ येतात. हा ४०,००० इतका गोल आकडा कसा काय, असं कुणाला वाटलं असेल तर शाबास! तो योगायोग नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तेव्हा उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असंच ठरवलं होतं. म्हणजे ध्रुव ते विषुववृत्त एक कोटी मीटर, अर्थात १०,००० किलोमीटर. त्याची चौपट म्हणजे अख्खा घेर. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर पृथ्वीचं माप लपलेलं आहे.

उत्तर-दक्षिण अंश सगळीकडे जवळपास सारखेच, पण पूर्व-पश्चिम अंशांचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सगळ्यात लांब असतात आणि वर जाताजाता जवळ येत ध्रुवावर एका बिंदूत मिळतात. आपल्या महाराष्ट्रात, साधारण १९ अक्षांशावर, रेखांशाचा एक अंश म्हणजे १०५ किलोमीटर धरला तर चालेल.

गुणाकार करा. उत्तरेकडे ५.५३ गुणिले १११, म्हणजे ६१४ किलोमीटर. पूर्वेकडे ६.७६ गुणिले १०५, म्हणजे ७१० किलोमीटर. कागदावर एक सेंटिमीटरला शंभर किलोमीटर धरून ७.१ सेंटिमीटरची आडवी रेघ मारा आणि तिच्या उजव्या टोकावर ६.१ सेंटिमीटरची उभी. आता उरलेली तिरकी बाजू जोडून मोजा. वरच्या वर्गातली मुलं पायथागोरसच्या प्रमेयाने करतील, धाकट्यांनी पट्टी लावली तरी पुरे. जवळजवळ ९.४ सेंटिमीटर येईल. म्हणजे चिपी ते गोंदिया हवाई अंतर ९४० किलोमीटर! रेल्वेपेक्षा साडेतीनशेहून अधिक किलोमीटर कमी.

आता महाराष्ट्राच्या नकाशावर हीच तिरकी रेघ मारा आणि ती कुठून कुठून जाते ते बघा, कारण खरी गंमत इथे आहे. चिपीच्या सड्यावरून निघालं की लगेच सह्याद्री चढायचा. पलीकडे खाली राधानगरीचं जंगल, गव्यांचं घर. मग कोल्हापूर डावीकडे ठेवून इचलकरंजीजवळून रेघ सांगलीला पोचते आणि कृष्णा ओलांडते. मंगळवेढ्याच्या आसपास ज्वारीची काळी रानं लागतात आणि भीमा येते. तुळजापूर, मग लातूरच्या बाजूने पुढे जात रेघ नांदेडवर पोचते. इथे गोदावरी. नांदेडलाही विमानतळ आहे. पुढे पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवडा. मग वर्धा नदी, मग वैनगंगा आणि शेवटी नागझिऱ्याचं जंगल, वाघ-बिबट्यांचं. ते संपतं न संपतं तोच गोंदिया.

केवढा हा प्रवास! सहा मोठ्या नद्या. निघताना कानावर मालवणी, पोचल्यावर झाडीबोली. एका टोकाला भाताचे कोकणी कुणगे, मध्ये ज्वारी, सोयाबीन, कापूस, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा भातच, फक्त तिथे त्याला धान म्हणतात. एका रेघेत एवढा महाराष्ट्र दाखवणारी दुसरी वाट मला तरी माहीत नाही. या प्रवासात खिडकीजवळ बसायला मिळालं आणि कुणी झोपून गेलं, तर मला फार वाईट वाटेल.

तर अंतर मिळालं. आता वेळ.

चिपीसारख्या विमानतळावर बहुतेक वेळा एटीआर ७२ जातीचं विमान येतं. दोन पंखे गरगर फिरतात आणि साधारण सत्तर माणसं बसतात. वर पोचल्यावर हे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. ९४० भागिले ५०० म्हणजे १ तास ५३ मिनिटं. संपलं गणित?

थांबा, घाई नको. एक खरं वेळापत्रक बघू. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी मुंबईहून पहिलं प्रवासी विमान तिथे गेलं. तेही एटीआरच. मुंबईहून ११ वाजून ३५ मिनिटांनी निघायचं आणि १ वाजता पोचायचं, अशी त्याची वेळ होती. म्हणजे ८५ मिनिटं. पण मुंबई ते चिपी हवाई अंतर फक्त ३५० किलोमीटर आहे. ते ५०० च्या वेगाने ४२ मिनिटांत संपायला हवं. उरलेली ४३ मिनिटं गेली कुठे?

त्यातली बरीचशी जमिनीवरच जातात. वेळापत्रकातली वेळ धावपट्टीवरून उडायची नसते. विमान आपल्या उभं राहायच्या जागेवरून हलतं, तेव्हापासून ती मोजायची. मग रांग. मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवरून विमानं उडतात आणि तिच्यावरच उतरतात. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथे हजारावर विमानांची ये-जा झाली! एवढ्या गर्दीत आपला नंबर लागेपर्यंत थांबावं लागणारच.

पुढची मिनिटं चढण्या-उतरण्यात जातात. विमान एकदम ५०० चा वेग पकडत नाही. चढताना ते हळू असतं आणि उतरायच्या बरंच आधी वेग कमी करतं. शिवाय विमानांना वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडायला आणि उतरायला आवडतं. पंखांवरून हवा जितकी जोरात वाहील तितका उचलणारा जोर जास्त, मग समोरून येणारा वारा आयताच मदत करतो. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे तोंड करून उडायचं तेव्हा तिच्या ज्या टोकाहून धाव सुरू होते, तिथे २७ हा आकडा असतो. त्यापुढे शून्य लावा: २७०. होकायंत्रावर २७० अंश म्हणजे पश्चिम! समुद्राकडून वारा येत असला की विमानं या दिशेला उडतात आणि जुहूच्या समुद्रावर जातात. नागपूर-गोंदियाकडे, म्हणजे पूर्वेला जायचं असलं तरी आधी पश्चिमेला, अरबी समुद्रावर! मग वळायचं. बोरीवलीहून वसईकडे निघालेल्या आपल्या कोकणच्या गाडीचं ते हवाई भावंडच म्हणा.

आकाशातही रस्ते असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण वैमानिकांच्या नकाशांवर आखलेले असतात. त्यावरच्या खुणेच्या जागांना पाच-पाच अक्षरांची नावं असतात, रेडिओवर बोलताना गोंधळ होऊ नये म्हणून. शिवाय लष्कराच्या सरावासाठी राखून ठेवलेले आकाशाचे तुकडेही असतात, त्यांना वळसा घालावा लागतो. म्हणून अंतर मोजणारी माणसं एक साधी युक्ती करतात. हवाई अंतर भागिले वेग, आणि वर अर्धा तास. आपल्या प्रवासात दोन्ही विमानतळ निवांत, मुंबईसारखी रांग नाही. तेव्हा १ तास ५३ मिनिटं अधिक अर्धा तास, म्हणजे २ तास २३ मिनिटं. सकाळी अकराला चिपीहून निघालात तर दीडच्या आत गोंदियाला. जेवायला आजोबांकडे!

पण एक भिडू अजून मोजलाच नाही. वारा.

वर आकाशात कोणत्या उंचीवर किती वारा आहे हे कळावं म्हणून हवामान खातं फुगे सोडतं. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेतूनही सोडले जातात. हायड्रोजनने भरलेला मोठा फुगा, त्याला लटकवलेलं छोटं यंत्र. ते वर जाताजाता तापमान, दमटपणा आणि वाऱ्याचा वेग रेडिओने खाली कळवत राहतं. त्यातून समजतं की हिवाळ्यात आपल्याकडे वर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात.

समजा वारा बरोबर आपल्या पाठीमागून, ताशी ८० किलोमीटरने येतोय. विमान हवेत ५०० ने जातंय आणि हवाच ८० ने पुढे चाललीय, म्हणून जमिनीवरून बघणाऱ्याला वेग दिसेल ५८०. आकाशातला वेळ: १ तास ३७ मिनिटं. छान! परतीला तोच वारा तोंडावर. वेग उरला ४२०. वेळ: २ तास १४ मिनिटं. आता बेरीज करा. वारा नसता तर जाऊन-येऊन ३ तास ४६ मिनिटं लागली असती. वारा असताना लागली ३ तास ५१. जाताना जेवढा फायदा झाला त्यापेक्षा येताना तोटा जास्त! असं का? कारण उलट्या वाऱ्यात आपण हळू जातो, आणि हळू जातो म्हणून त्या वाऱ्यात जास्त वेळ राहतो. ८० च्या जागी १०० घेऊन बघा, २०० घेऊन बघा. तोटा वाढतच जाईल.

मोठ्या प्रवासात तर वारा रस्ताच बदलायला लावतो. दिल्लीहून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागर ओलांडून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि तरीही ते साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोचलं, कारण पाठीशी पश्चिमेचा जोरदार वारा होता.

घरात पृथ्वीगोल असेल तर अजून एक प्रयोग करा. कुणाची मावशी न्यू जर्सीला असते, कुणाचा काका. मुंबईवर बोट ठेवून तिथून न्यू जर्सीपर्यंत दोरा ताणून धरा, अगदी घट्ट. भिंतीवरच्या सपाट नकाशात वाटतं की सरळ पश्चिमेला, आफ्रिकेवरून जावं. दोरा मात्र उत्तरेला सरकतो, रशिया ओलांडतो, नॉर्वे आणि आइसलंडच्या आसपास जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला शिवून मग खाली उतरतो. गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळचा रस्ता तो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिकांनी, सगळ्याजणी स्त्रिया बरं का, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरून! चिपी-गोंदियासारख्या छोट्या अंतरात हा फरक जाणवत नाही, म्हणून आपली पट्टी आणि आलेखाचा कागद पुरला.

छोट्या अंतरावरून आठवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये रोजचं विमान आहे. अंतर २.७ किलोमीटर, जवळजवळ बोरीवली ते कांदिवली एवढंच! वाऱ्याने साथ दिली तेव्हा ते एकदा ५३ सेकंदांत पोचलंय. तिथे आपलं अर्ध्या तासाचं सूत्र साफ चुकेल.

तुमच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात आता एक प्रश्न नक्की वळवळत असेल. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग गोंदियाला हेलिकॉप्टरने नुसतं वर जाऊन थांबलं तर? खालून पृथ्वी सरकेल आणि निदान चिपीची रेखांशाची रेषा तरी आपोआप पायाखाली येईल! फार सुंदर प्रश्न आहे. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटरने फिरते, म्हणजे अर्ध्या तासात काम व्हायला हवं. पण जमिनीसोबत हवाही फिरते आणि हेलिकॉप्टरही. धावत्या फास्ट लोकलमध्ये चेंडू सरळ वर फेकला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. तसंच हे.

पृथ्वी असं फुकट नेत नसली तरी तिच्या फिरण्याने आपल्या या दोन गावांत एक फरक केलाच आहे. गोंदिया पूर्वेला ६.७६ अंश. एक अंश फिरायला पृथ्वीला ४ मिनिटं लागतात. म्हणजे गोंदियात सूर्य बरोबर डोक्याच्या रेषेत, भर माध्यान्हीला आला की त्यानंतर २७ मिनिटांनी तो चिपीत तिथे येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, सावल्या मात्र वेगळ्या. बोरीवली तर चिपीच्याही थोडी पश्चिमेला. आपल्याकडे माध्यान्ह साधारण १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास होते, म्हणूनच मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं. १९०६ साली भारताची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही! पणजोबांना विचारून बघा, कुणाला आठवत असेल.

आता शेवटचं कोडं. गोंदियाहून भर माध्यान्हीला निघून चिपीला पोचावं तेव्हा तिथेही नेमकी माध्यान्हच असावी, म्हणजे सूर्याशी बरोबरी करावी, असं करता येईल का? हातात फक्त २७ मिनिटं आणि कापायचे ९४० किलोमीटर. ९४० भागिले २७, गुणिले ६०. ताशी साधारण २१०० किलोमीटर! एटीआरचं हे काम नाही. पण एक विमान होतं, कॉन्कॉर्ड. ते आवाजाच्या दुप्पट वेगाने, ताशी २१०० किलोमीटरच्या आसपास उडायचं. ३० जून १९७३ ला शास्त्रज्ञ त्यात बसून आफ्रिकेवरून खग्रास सूर्यग्रहणाच्या सावलीबरोबर धावले. जमिनीवर उभं राहून जे खग्रास फार तर सात-साडेसात मिनिटं बघता येतं, ते त्यांनी ७४ मिनिटं बघितलं.

कॉन्कॉर्डची सेवा २००३ मध्ये बंद झाली. गोंदिया-चिपी मार्गावर ते कधी उडालं नाही, पण तुमच्या आलेखाच्या कागदावर त्याला उडवायला कुणाचीच हरकत नाही. मुंबई-गोंदिया हवाई अंतर सुमारे ८२० किलोमीटर आहे. बोरीवलीकर मुलांनो, तिथून निघालात तर सूर्याशी बरोबरी करायला किती वेग लागेल? रेखांशांतला फरक ७.४ अंश धरा आणि करा सुरुवात.